काटा

दर तीन महिन्यांनी रद्दी काढण्याचे काम घरात माझ्याकडे आहे, आणि ते मी इतक्या सावकाशीने करतो की घरच्यांनी त्याला काम म्हणणे केव्हाच सोडून दिले आहे. परवा दुपारी रद्दीवाला सुतळी काढून दारात बसला, तेव्हाही मी माळ्यावरचा एक वेगळा गठ्ठा उघडून वाचत होतो.

निवडणुकांचे, अर्थसंकल्पांचे, पानशेतच्या विसर्गाचे अंक मी बिनदिक्कत विकतो. पण मोठे माणूस गेले की दुसऱ्या दिवशीचा अंक रद्दीत जाऊ देत नाही. त्या गठ्ठ्यात ७ फेब्रुवारी २०२२ चा, लता मंगेशकर गेल्या तेव्हाचा अंक आहे; त्याच आठवड्यातला, राहुल बजाज गेल्याचा १३ तारखेचा आहे; आणि रतन टाटांचा, ऑक्टोबर २०२४ चा आहे. लताबाईंच्या अंकात एका सराफाने पाऊण पान श्रद्धांजली वाहिली आहे. खाली सर्व शाखांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक आहेत. दुःख अनावर झालेल्या माणसाने नेमके कोणत्या शाखेत जावे, हे मला अजून उमगलेले नाही.

बजाजांच्या अंकावर मात्र मी नेहमीच रेंगाळतो, कारण त्यात आमच्या घरची स्कूटर आहे. चेतकसाठी तेव्हा दहा-दहा वर्षे थांबावे लागे. वडिलांनी नोंदणी केली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, आणि नंबर लागला तेव्हा मी चौथीत होतो. बातमी शनिवार पेठेत पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आमच्याकडे आले, चहा प्यायले, बशी उपडी ठेवली आणि ‘ऑन’चा, म्हणजे स्कूटर त्यांना दिली तर किमतीच्या वर मिळणाऱ्या पैशांचा, आकडा बोलले. तो वडिलांच्या चार महिन्यांच्या पगाराएवढा होता. वडील म्हणाले, “मला स्कूटर हवी आहे, धंदा नको.” पुढे कित्येक वर्षे, सकाळी ते चेतक डावीकडे तिरकी करून किकमागून किक मारत असताना, आई खिडकीतून शांतपणे म्हणे, “फ्रिज आला असता.” वडिलांची ही सचोटी मी शाळेत एका निबंधातही लिहिली होती. आता वाटते, सचोटी थोडी असेल, पण दहा वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला ती स्कूटर दुसऱ्याच्या दारात उभी असलेली बघवली नसती, एवढेही असेल.

वरचे पैसे मधल्या माणसांच्या खिशात जात. किंमत सरकार ठरवी आणि किती गाड्या काढायच्या तेही सरकारच ठरवी. परवान्यापेक्षा जास्त उत्पादन केले म्हणून तुरुंगात जावे लागले तरी चालेल, असे बजाज म्हणत, आणि २०१९ मध्ये गृहमंत्र्यांसमोर उभे राहून, सरकारवर टीका करायला उद्योजक घाबरतात, असेही त्यांनी सुनावले. हे त्या अंकात ठळक आहे. तेच बजाज १९९३ मध्ये परदेशी कंपन्यांपासून थोडे संरक्षण मागणाऱ्या ‘बॉम्बे क्लब’मध्ये पुढे होते, हे मात्र एका ओळीत उरकले आहे. टाटांच्या अंकातही लाखाच्या नॅनोचा शब्द पाळल्याचे दोन स्तंभ आहेत. ती गाडी फारशी खपली नाही, हे जाता जाता आले आहे. मृत्युलेखाचा काटा असा नेहमी थोडा जास्तच दाखवतो, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार रद्दीवाल्याच्या काट्याबद्दल आहे.

विमानाच्या सामानासाठी घेतलेल्या काट्यावर मी रद्दी आधीच जोखली होती. ती साडेचौदा किलो भरली होती. त्याच्या ताणकाट्यावर बारा भरली.

“काका, तुमचा काटा विमानाचा,” तो म्हणाला. “रद्दीला हाच लागतो.”

मी तोंड उघडले आणि मिटले. शाळेत असताना, पतंगाच्या मांज्यासाठी, मी एकदा गठ्ठ्याच्या मधल्या अंकांवर तांब्याभर पाणी शिंपडले होते. त्या वेळच्या रद्दीवाल्याने मध्ये हात घातला, ओले अंक काढून बाजूला ठेवले, कोरड्यांचे पैसे दिले, आणि ओट्यावर बसलेल्या वडिलांना एक शब्दही सांगितला नाही. ते ओले अंक मी नंतर गच्चीवर वाळत घातले होते.

चौदा रुपयांच्या दराने बारा किलोचे एकशे अडुसष्ट रुपये मी मोजून घेतले. त्याने माझ्या मांडीजवळच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवले.

“ते नाही,” मी म्हणालो.

“बघू तर.” त्याने गठ्ठा उचलून आकड्याला अडकवला. लताबाई, बजाज, टाटा सगळे एकत्र हलले आणि स्थिर झाले. “पावणेदोन. साडेचोवीस होतात, पण पंचवीस देतो.”

मी गठ्ठा काढून घेतला आणि पुन्हा सुतळी बांधली. सुतळी त्याचीच होती. तिचे त्याने काही घेतले नाही.