एकच काच, दिवसभर

परवा दुपारी बेळगावच्या शहापुरात कटिंगला गेलो, तर दुकानातला टीव्ही मुका. मोबाईलवर भजन लावलेलं, म्हणून कारागिराने आवाज बंद केलेला. पडद्यावर आठ चौकोन, आठांतही एकेक माणूस हातवारे करतोय, खालून सोन्याचा भाव सरकतोय. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "कुठली शिरेल म्हणायची ही?"

"शिरेल न्हवं काका, बातम्या हाईत."

"मग भांडालेत कशाला?"

कारागिराकडे उत्तर नव्हतं. वस्तरा चालू होता म्हणून मीही गप्प राहिलो.

आमच्या आज्जांचं पेपर वाचायचं एक तंत्र होतं. पेपर म्हणजे अर्थातच 'तरुण भारत', बाबुराव ठाकूरांनी 1919 साली काढलेला. बातम्या मनात वाचायच्या आणि अग्रलेख मोठ्याने, सोप्यात बसून, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असा. दोन परिच्छेद झाले की आज्जा चष्मा काढायचे, आणि आवाज न बदलता पुढे बोलत राहायचे. सरकार, सीमावादावरचा महाजन आयोग, यशवंतराव, सगळ्यांचा समाचार. आत भाकरी थापणारी आजी तिथूनच ओरडायची, "हे पेपरातलं की तुमचं?"

"माझं!"

"मग हळू बोला."

आमचा पेपर तटस्थ असतो अशी कुणाची समजूत नव्हती. सीमाभागात तटस्थ पेपर घ्यायचा कुणी? तो आपल्या बाजूचा, हे ठाऊक असायचं, आणि ते धरूनच वाचलं जायचं. रेडिओचं तर आणखी सोपं. 'बातम्या संपल्या' असं तो स्वतःच सांगायचा आणि आम्ही पाटावर बसायचो.

आता त्या संपतच नाहीत. 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. झाली, खोटं नाही. पण मुंबईच्या चॅनेलवर ती एकच काच रात्रीपर्यंत फुटत होती, ढोलताशासकट. रिमोट दाबून बेंगळुरूच्या चॅनेलवर गेलं, की पुण्यात कर्नाटकाच्या बसला काळं फासणं चालू. तेही खरं, तेही रात्रीपर्यंत. दोन्ही भाषा कळण्याचा आम्हा बेळगावकरांना एवढा फायदा: अँकर वेगळे, ढोल तोच. पुण्याहून आत्याचा फोन, "अरे, तुमच्याकडे पेटलंय म्हणे!" आमच्या गल्लीत तेव्हा नळाला पाणी आलं होतं आणि सगळी गल्ली घागरी भरत होती. आत्याला ते पटेना. म्हणाली, "मी लाईव्ह बघतेय!"

कायदा नाही असं नव्हे. 1994 च्या केबल नियमावलीत खोट्याबरोबर अर्धसत्यालाही मनाई आहे. अर्धसत्य! ते काढून घेतलं तर रात्री नऊला दाखवायचं काय? अमेरिकेत फॉक्स न्यूज चॅनेलचा अँकर टकर कार्लसन याच्यावरून अब्रुनुकसानीचा दावा झाला होता. चॅनेलच्या वकिलांचं म्हणणं असं, की या कार्यक्रमात ऐकलेलं शब्दशः खरं असेल असं कुठलाही समंजस प्रेक्षक धरून चालणार नाही. 2020 मध्ये न्यायाधीशांनी ते मान्य करून दावा फेटाळला. असा समंजस प्रेक्षक आमच्या आत्यापासून सुरुवात करून शोधावा म्हणतो.

मला मात्र या चर्चा आवडतात, हेही सांगून टाकतो. जेवताना लोणच्यासारख्या लागतात. घरात कुणी "बंद कर ते" म्हणालं, तर "बातम्या बघतोय" असं सांगायची सोयही असते. मालिकेला ती नाही.

फक्त एक गोष्ट बोचते. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या आज्जांची अख्खी पिढी त्याची वाट बघत गेली. पण सुनावणी पुढे ढकलली जाते तेव्हा काही फुटत नाही, कुणाला काळं फासलं जात नाही, त्यामुळे दाखवायला काही नसतं. खालच्या पट्टीत एक ओळ येते, ती वाचून होईतो तिथे सोन्याचा भाव आलेला असतो. तारीख कधीची पडली, ते दुसऱ्या दिवशी पेपरात बघावं लागतं.