तुम्ही विचारलंत म्हणून: सिमेंटच्या पत्र्याची बाजू लोक का घेतात

“सिमेंटचे पत्रे एवढे घातक आहेत, तर लोकच त्यांच्यावर बंदी का मागत नाहीत? उलट बंदीचं नाव काढलं की भांडायला का उठतात?”

घरबांधणीच्या कामात असल्यामुळे छपराच्या सिमेंट पत्र्यांबद्दल, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळलेल्या पत्र्यांबद्दल, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणारे बहुतेक शहरातले, शिकलेले आणि मनापासून काळजी असणारे असतात. त्यांचं उत्तरही ठरलेलं असतं: लोकांना माहीत नाही म्हणून. मला ते पटत नाही. मी रायगड-रत्नागिरीत लहान घरांची कामं करते. हा पत्रा ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांच्याशीच माझं रोजचं बोलणं असतं, आणि पत्र्याबद्दल ते जे सांगतात त्यात खोटं फारसं काही नसतं.

आधी त्यांची बाजू ऐका. कौलारू घराला दर वर्षी मे महिन्यात शाकारणी लागते. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाळवी लागलेला वासा बदलायचा, कुजलेल्या रिपा काढायच्या, पुन्हा सगळं चढवायचं. घरात हात होते तोवर हे निभलं. तरणी माणसं मुंबईला गेली, शाकारणी जाणणारे गडी म्हातारे झाले, आणि माकडांचा उपद्रव वाढला. माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की किती कौलं उरतात, हे कोकणात कुणालाही विचारा. गवताच्या छपराला आगीची धास्ती. लोखंडी पत्रा खाऱ्या हवेत गंजतो, दुपारी तापून घरात बसू देत नाही, आणि आषाढात त्याच्याखाली शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. सिमेंटचा पत्रा या सगळ्यावर एकदम उत्तर होऊन आला. गंजत नाही, जळत नाही, वाळवी लागत नाही, लोखंडाइतका तापत नाही. दोन माणसं एका दिवसात गोठा झाकून मोकळी होतात. शिवाय स्वस्त. जिने वर्षानुवर्षं गळतीखाली भांडी मांडून रात्री काढल्या, त्या बाईसाठी हा पत्रा म्हणजे घराचे दिवस पालटल्याची खूण आहे. तो काढा म्हटलं की तिला वाटतं, आपल्याला मागे ढकलतायत. तसं वाटण्यात तिची काहीच चूक नाही.

आता घातक काय ते. या पत्र्यात साधारण दहावा हिस्सा, कधी त्याहून थोडा कमी, अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. बाकी मुख्यतः सिमेंट आणि राख. तंतू सिमेंटला धरून ठेवतात, म्हणून एवढा पातळ पत्रा पाऊस-वारा झेलतो. पत्रा शाबूत असेल तर तंतू फारसे सुटत नाहीत. ते सुटतात कटर लावला की, कोरडं भोक पाडलं की, पत्रा फोडला की, आणि जुना होऊन वरचा थर झिजला की. डोळ्याला न दिसणारे हे तंतू श्वासातून आत जाऊन रुततात, आणि शरीराला ते सहज बाहेर टाकता येत नाहीत. त्यातून फुप्फुस निबर होत जातं, त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग होतो. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो, आणि तो दिसायला बहुतेकदा २० ते ५० वर्षं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कर्करोगकारक मानते. पत्र्यातला पांढरा, म्हणजे क्रिसोटाइल, त्यातच येतो.

आता या दोन गोष्टी एका घरात शेजारी ठेवून पाहा. घरमालक म्हणतो, “आमचे आजोबा याच पत्र्याखाली राहिले, नव्वदीत गेले.” खरं आहे. पत्र्याने ज्यांचं वाईट केलं ते आजोबा नव्हतेच. तो पत्रा ज्या कारखान्यात बनला तिथे तंतूंच्या गोण्या फोडणारा कामगार, छपरावर बसून तोंडाला रुमालही न बांधता कटर चालवणारा पोरगा, आणि त्या कामगाराचे धुळीने भरलेले कपडे झटकून धुणारी त्याची बायको, हे ते लोक. कपड्यांची गोष्ट कल्पनेची नाही. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी मेसोथेलिओमाच्या रुग्णांची माहिती जमवली, तेव्हा कारखान्यात पाऊल न टाकलेली पण कामगाराच्या घरात राहणारी माणसं त्यात सापडली. मुंबईत मुलुंड आणि घाटकोपरला अ‍ॅस्बेस्टॉसचे कारखाने होते. तिथला कंत्राटी कामगार म्हातारपणी गावी गेला आणि खोकून खोकून वारला, तर गावात म्हणणार दमा होता, नाहीतर टीबी. त्याचा खोकला आणि आपलं छप्पर यांचा संबंध कुणी जोडायचा? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षं ठेवावी. न्यायालयाला काळाचा हा पल्ला कळला होता. पण ज्याचं नाव हजेरीपटावरच नाही, त्याची नोंद कसली ठेवणार?

म्हणून मी म्हणते, हा अडाणीपणा नाही. फायदा रोज डोक्यावर दिसतो. नुकसान दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या छातीत, तीस वर्षांनी होतं. या हिशोबात शिकलेली माणसंही अशीच वागतात. कॅनडात तशीच वागली.

तिथल्या क्युबेक प्रांतात एका गावाचं नावच अ‍ॅस्बेस्टॉस होतं. गावाला लागून प्रचंड उघडी खाण, जेफ्री नावाची. १९४९ साली या गावात आणि जवळच्या थेटफर्ड माइन्समध्ये मिळून जवळजवळ ५,००० खाणकामगार संपावर गेले. संप महिनोन्‌महिने चालला. त्यांच्या मागण्यांत पगारवाढ होतीच, पण धूळ बंद करा ही मागणीही होती. म्हणजे धुळीने माणूस मरतो हे तिथल्या कामगाराला १९४९ मध्ये ठाऊक होतं. आणि तरीही साठ वर्षांनी, जग खाण बंद करा म्हणत असताना, गाव खाणीच्या बाजूने उभं राहिलं. त्याच खाणीने शाळा, घरं, वाडवडिलांच्या भाकरी दिल्या होत्या. २०१२ मध्ये प्रांताच्या सरकारने खाण पुन्हा चालू करायला ५.८ कोटी डॉलरचं कर्ज कबूल केलं. त्याच वर्षी सरकार बदललं आणि ते रद्द झालं. कॅनडाने २०१८ मध्ये बंदी घातली. गावाचं नाव बदलायलाही विरोध झाला, आणि २०२० मध्ये मतदान घेऊन ते व्हाल-दे-सूर्स झालं.

ही दूरची गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण तिचं दुसरं टोक आपल्या छपरावर आहे. कॅनडा स्वतःच्या इमारतींतून अ‍ॅस्बेस्टॉस उकरून काढत होता, त्याच काळात तिथला माल भारतात येत होता. कॅनडाचा थांबला, रशिया आणि कझाकस्तानचा चालू राहिला. आपण १९८६ पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं बंद केलं, पण आयात कधीच थांबवली नाही. आज जगात सर्वांत जास्त अ‍ॅस्बेस्टॉस आयात करणारा देश आपला आहे. २००६ मध्ये क्लेमॉन्सो ही फ्रेंच विमानवाहू नौका मोडीसाठी गुजरातमधल्या अलंगकडे येत होती, तेव्हा तिच्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून देशभर गदारोळ झाला आणि फ्रान्सला ती अर्ध्या वाटेतून परत न्यावी लागली. चांगलंच झालं. पण त्याच वर्षी त्याच पदार्थाच्या गोण्या रीतसर शुल्क भरून आपल्या बंदरांत उतरत होत्या, आणि त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही.

रॉटरडॅम करार नावाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या यादीत एखादा पदार्थ गेला म्हणजे बंदी येत नाही. विकणाऱ्या देशाने धोका सांगायचा आणि घेणाऱ्याची संमती घ्यायची, एवढंच. २०११ मध्ये भारताने क्रिसोटाइल त्या यादीत घालायला पाठिंबा दिला. २०१३ मध्ये विरोध केला. सरकारचं मत दोन वर्षांत फिरतं, आणि वाडीतल्या माणसाने मात्र आपण सांगितल्याबरोबर पटवून घ्यावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

बंदीला होणाऱ्या विरोधाचा दुसरा आवाज असतो कारखानदारांचा. तो ओळखायला शिकलं पाहिजे. “हे गरिबाचं छप्पर आहे, ते काढून घेऊ नका,” असं तो म्हणतो. दुसरं म्हणतो, “हे सगळं लोखंडी पत्रेवाल्यांचं कारस्थान.” जागतिक आरोग्य संघटनेला कुठलाही पत्रा विकायचा नाही, एवढं दुसऱ्याला उत्तर पुरे. पहिलं मात्र नुसतं झटकून टाकता येत नाही, कारण त्यातला गरीब खरा आहे. त्याच्या नावाने बोलणारा भलता आहे. आणि गरीब सगळीकडे पत्र्याच्याच बाजूने उभा राहिला असंही नाही. बिहारमध्ये मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या चैनपूर-बिशुनपूरच्या लोकांनी २०१०-११ मध्ये आपल्या शेतांजवळ येणाऱ्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्याविरुद्ध जबरदस्त लढा दिला आणि तो होऊ दिला नाही. धोका आपल्या दाराशी येतोय हे दिसलं, तेव्हा तीच माणसं उभी राहिली.

शिसंयुक्त पेट्रोलचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. शिसं काढलं तर जुन्या गाड्यांच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह जातील, ही भीती तेव्हाही होती. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिसंविरहित पेट्रोल आलं, २००० पर्यंत देशभरातून शिसं गेलं, आणि आज ते कुणाला आठवतही नाही. कारण ग्राहकाला काहीच करावं लागलं नाही. तोच पंप, तीच नळी, आत दुसरं पेट्रोल. बदल तेलशुद्धीकरण कारखान्यात झाला. पत्र्याच्या बाबतीत आपण सगळा बदल घरमालकाच्या माथी मारतो: तूच काढ, तूच नवा घाल, कचराही तूच कुठेतरी टाक. सपाट भागात घरकुलाला प्रधानमंत्री आवास योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. पाया, भिंती आणि जोता त्यातून उरकल्यावर छपराला काय राहतं, हे मी कागदावर मांडून बघते तेव्हा त्या माणसाशी वाद घालायची मला इच्छा होत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रे मिळतात, पण महाग पडतात आणि तालुक्याच्या दुकानात अनेकदा नसतातच.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. नंतर मी त्या भागात फिरले. नारळी-पोफळी आडव्या, आणि जिकडे पाहावं तिकडे सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे. लोक ते कोरडेच झाडून गोळा करत होते. चिखल भरायला अंगणात टाकत होते, मुलं त्यावरून चालत होती. पाऊस तोंडावर होता, म्हणून पत्र्यांसाठी रांगा लागल्या होत्या. त्या रांगेत उभं राहून बंदीची भाषा कुणीही करू शकलं नसतं. मीही केली नाही. पण ती वेळ सरकारची होती. हजारो छपरं एकदम बदलायची होती, पैसे सरकारी तिजोरीतून जायचे होते, आणि कोणता पत्रा घ्यायचा हे सांगायला कुणीच नव्हतं. फुटलेले तुकडे उचलायलाही नव्हतं. तळोज्याला औद्योगिक घातक कचरा पुरण्याची सोय आहे. दिवेआगरच्या वाडीतल्या तुकड्यांसाठी ती असल्यासारखी नाही.

पोलंडमध्ये खेड्यापाड्यांत घरांवर असेच पत्रे होते. त्यांनी १९९७ मध्ये बंदी घातली, आणि असलेले पत्रे काढायला २०३२ पर्यंतची मुदत ठेवून योजना आखली. कुठल्या घरावर किती आहेत याची नोंद केली, उतरवायचा आणि पुरायचा खर्च सार्वजनिक पैशातून देऊ केला. तरी पुष्कळ लोक पुढे आले नाहीत, कारण जुनं छप्पर काढायला पैसे मिळत, नवं घालायला बहुधा नसत. म्हातारी माणसं म्हणाली, राहू दे. म्हणजे अर्धी मदतही पुरत नाही.

तेव्हा मला बंदी हवी आहे का? हवी आहे, आणि लवकर हवी आहे. पण ती आयातीवर आणि कारखान्यावर घाला, राहत्या घरावर नको. बिनअ‍ॅस्बेस्टॉस पत्र्यावरचा कर उतरवा. घरकुलात आणि वादळाच्या भरपाईत त्या पत्र्याचा फरक वेगळा धरा. शाळा आणि अंगणवाड्यांची छपरं सरकारने आधी स्वतःच्या खर्चाने बदलावीत, म्हणजे गावाला नवा पत्रा पावसाळाभर डोळ्यांनी बघता येईल.

आणि ज्यांच्या घरावर आज हा पत्रा आहे, त्यांना मी एवढंच सांगते. शाबूत असेल तर घाईने काढू नका. त्याला कटर लावू नका, ब्रशने खरवडून शेवाळ काढू नका. काढायचाच असेल तर पाणी मारून ओला करा, पत्रा धरून ठेवणारे जे-बोल्ट सोडवा, अख्खा पत्रा खाली घ्या, वरून टाकू नका. साधा रुमाल उपयोगाचा नाही, बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क वापरा, आणि मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा. तुकडे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये बांधा. कोंबड्यांच्या खुराड्यावर, आळ्याभोवती किंवा वाटेवर ते घालू नका. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, झटकू तर मुळीच नका. आणि छपरावर चढणाऱ्या पोराला हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी सांगा, कारण त्याला दुसरं कुणी सांगणार नाही.