तुम्ही विचारलंत म्हणून : तेलुगू माणूस इतक्या लांब कसा पोचला?

माझे आडनाव ऐकले की सोलापूरबाहेरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "तुम्ही तेलुगू का?" आणि त्याला होकार मिळाला की दुसरा, "मग तुमची माणसं अमेरिकेत एवढी कशी हो?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. माझे पणजोबा करीमनगरकडून हातमागाच्या कामासाठी सोलापुरात आले, घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठीत झाली आणि नारळी पौर्णिमेला आम्ही मार्कंडेयाच्या रथामागे चालतो. दुसऱ्या प्रश्नावर मी बरीच वर्षे हसून वेळ मारून नेत असे, कारण अमेरिका मी पाहिलेली नाही. बँकेच्या नोकरीत तीन वर्षे विशाखापट्टणमला काढल्यावर मात्र मला वाटू लागले की लोक ही गोष्ट शेवटच्या पानापासून वाचत आहेत. तेलुगू माणसाच्या परदेशी जाण्याला जवळजवळ दोनशे वर्षे होत आली, आणि त्यातली पहिली सव्वाशे वर्षे तो संगणक घेऊन नव्हे, अंगावर उचल घेऊन गेला.

उचल हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ऊसतोडीला निघताना मुकादम कोयत्यामागे जी रक्कम देतो आणि जी फिटेपर्यंत माणूस त्याच्या फडातून हलू शकत नाही, ती उचल मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. तेलुगू स्थलांतराची किल्ली मला तिथेच सापडली.

आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी समुद्राला मिळते त्या भागात, काकिनाड्याच्या दक्षिणेला, कोरिंगा नावाचे बंदर होते. जहाजबांधणीसाठी ते नावाजलेले होते. १८३९ च्या चक्रीवादळाने त्याची धूळधाण केली आणि आज तिथे कांदळवने व अभयारण्य पाहायला लोक जातात. पण त्याआधीच हे बंदर माणसे पाठवू लागले होते. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपुष्टात येऊ लागली, मॉरिशसच्या ऊसमळ्यांना नवे हात हवे झाले, आणि नेमक्या त्याच सुमारास गुंटूर भागात असा दुष्काळ पडला की लोक त्याला 'डोक्कल करुवु' म्हणू लागले. डोक्का म्हणजे पोट, करुवु म्हणजे दुष्काळ. खपाटीला गेलेल्या पोटांपुढे भरती करणाऱ्या दलालाने पाच वर्षांचा करार आणि हातावर थोडी आगाऊ रक्कम ठेवली, तर नाही कोण म्हणणार? कोरिंग्याहून निघालेल्या या माणसांना मॉरिशसमध्ये 'कोरिंगी' असे नाव पडले, आणि पुढे ब्रह्मदेशातही तेच चिकटले. बंदर बुडाले, पण त्याचे नाव माणसांवर राहिले.

मॉरिशसला १८३४ पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत भारतातून सुमारे साडेचार लाख मजूर गेले. त्यात तेलुगू थोडे आणि मराठी त्याहून थोडे. मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकण-साताऱ्याकडची माणसे त्याच आप्रवासी घाटाच्या, म्हणजे मजूर जिथे उतरत त्या धक्क्याच्या, पायऱ्या चढली, म्हणून त्या बेटावर आज उगादी आणि गणेशचतुर्थी या दोन्हींना सार्वजनिक सुटी असते आणि तेलुगू-मराठी दोन्ही भाषा शाळेत शिकवल्या जातात. घरात मात्र दोघेही क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचमिश्रित बोली, बोलतात. तिथले तेलुगू लोक सिंहाद्री अप्पन्नाची, म्हणजे सिंहाचलमच्या नरसिंहाची, पूजा करतात, हे कळले तेव्हा मी विशाखापट्टणमलाच होतो आणि सिंहाचलमची टेकडी माझ्या घराच्या गच्चीवरून दिसत असे. पूर्वज कोणत्या तालुक्यातून निघाले हे विसरलेल्या माणसांनी टेकडीवरचा देव तेवढा विसरला नव्हता.

घराण्याचे नावही असेच विसरले गेले, आणि त्याचे कारण कागदोपत्री आहे. मद्रासहून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक मजुराची नोंद होत असे: नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, तालुका, गाव, उंची आणि अंगावरची खूण. आडनावाला रकाना नव्हता. तेलुगू माणसाचे घराण्याचे नाव त्याच्या नावाआधी येते आणि एरवी ते फारसे उच्चारले जात नाही, त्यामुळे कारकुनाच्या लेखणीतून ते गळाले आणि बापाचे नाव किंवा जातीचे बिरूद पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले. दक्षिण आफ्रिकेतील असंख्य नायडू आणि रेड्डी कुटुंबांच्या आडनावांमागे ही कारकुनी आहे. नाताळ या तिथल्या वसाहतीच्या किनाऱ्यावर पहिले जहाज, 'ट्रूरो', १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून पोचले. १९११ मध्ये ही भरती थांबली तोवर दीड लाखाहून अधिक माणसे तिथे उतरली होती. डर्बनच्या तेलुगू लोकांनी १९३१ मध्ये आंध्र महासभा काढली, आणि वर्णद्वेषी राजवट संपल्यावर आलेल्या १९९६ च्या संविधानात, समाजात वापरल्या जाणाऱ्या ज्या भाषांचा आदर राखावा म्हणून उल्लेख आहे, त्यात तेलुगूचे नाव आहे. (तिथले स्पेलिंग 'तेलेगू' असे आहे. कारकून अमर असतो.)

फिजी आणि मलाया यांच्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण दोन्हीकडे जे घडले ते एकच आहे: मोठ्या गर्दीत लहान भाषा दबली. फिजीत मद्रासची जहाजे १९०३ पासून येऊ लागली, तोवर तिथल्या मळ्यांची बोली हिंदी ठरून गेली होती. मलायात रबराच्या आणि नारळाच्या मळ्यांवर भरती करणारा 'कंगाणी' बहुधा तमिळ असे, मळ्यावरची शाळा तमिळ असे, आणि तेलुगू मूल त्या शाळेतून तमिळ होऊन बाहेर पडे. पेराकमधील बगान दातोसारख्या ठिकाणी, जिथे तेलुगू वस्ती दाट होती, तिथे भाषा टिकली. मलय लोक सरसकट सगळ्या दाक्षिणात्यांना 'केलिंग' म्हणत; हा शब्द कलिंगावरून आला, म्हणजे मुळात आमच्याच किनाऱ्याचा, पण आज तो तिथे शिवीसारखा लागतो.

ब्रह्मदेशाजवळ मात्र थांबले पाहिजे, कारण सर्वांत जास्त तेलुगू माणसे तिकडे गेली आणि सर्वांत कमी आठवण त्यांची राहिली. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. त्यामुळे करार नको, पासपोर्ट नको, भीमुनिपट्टणम किंवा कलिंगपट्टणमच्या किनाऱ्यावरून होडीने आगबोट गाठायची आणि डेकवर पथारी टाकायची. तांदळाच्या सुगीला जायचे, मग रंगूनच्या भातगिरण्यांत आणि गोदीत पोती उचलायची, आणि बरेच जण पावसाच्या तोंडावर परतत. १९३१ च्या जनगणनेत रंगूनच्या सुमारे चार लाख वस्तीत निम्म्याहून अधिक माणसे भारतीय होती.

मी ज्या शाखेत होतो तिथे सत्तरीकडे झुकलेली एक अम्मा कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दर महिन्याला येई. शहरात 'बर्मा कॅम्प' नावाची वस्ती आहे, तिथून ती चालत येत असे. माझे सोलापुरी तेलुगू ऐकून ती पदर तोंडाला लावून हसे, कारण मी मध्येच 'म्हणजे' म्हणत असे. एकदा खातेदारांची माहिती नव्याने भरून घेण्याचे फर्मान आले. जन्मस्थान विचारले तेव्हा ती म्हणाली, "रंगम." आमच्याकडचे जुने लोक रंगूनला रंगमच म्हणतात. संगणकातल्या यादीत रंगून नव्हते. माझ्या सहकाऱ्याने दोन वेळा वर-खाली शोधले आणि मग विशाखापट्टणम निवडून पुढचा रकाना उघडला. अम्माने ते पाहिले आणि काही बोलली नाही. काम झाल्यावर मात्र माझ्या टेबलाशी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबू, आमच्या आजोबांच्या वेळी ते परदेश नव्हतंच. समुद्राचा पलीकडचा काठ होता."

तिच्या आजोबांना तिकडे नेले ते मेस्त्रीने. हा मेस्त्री म्हणजे भिंत बांधणारा नव्हे, माणसे बांधणारा. बोटीचे भाडे तोच भरी, घरी ठेवायला उचल तोच देई, रंगूनमध्ये ज्या खोलीत पंधरा-वीस जण आळीपाळीने झोपत ती त्याची, जेवणाचा हिशेब त्याच्या वहीत, आणि गोदीचा पगार मालकाकडून मजुराच्या हाती न येता मेस्त्रीच्या हातून कापून येई. मेस्त्रीच्या वर मोठा मेस्त्री, त्याच्या वर कंत्राटदार. आजोबांची पहिली उचल फिटायला किती वर्षे लागली हे अम्माला सांगता येत नव्हते, कारण ती फिटण्याआधीच ते दुसरी घेऊन मोकळे झाले होते.

मे १९३० मध्ये याच गोदीत तेलुगू हमालांनी संप केला, मालकांनी बर्मी मजूर आणले, संप मिटल्यावर त्या बर्मी मजुरांना घालवून दिले, आणि रंगूनच्या रस्त्यांवर दंगल पेटली. पोटाची मारामारी पोटवाल्यांतच झाली. मालकाच्या बंगल्याची काचही फुटली नसावी, असा माझा संशय आहे. पुढे डिसेंबर १९४१ मध्ये जपानी बॉम्ब पडले आणि काही लाख भारतीय डोंगर-जंगलांतून आसाम-मणिपूरकडे पायी निघाले. हजारो वाटेत गेले. अम्माचे चुलत आजोबा त्यांतले. तिचे वडील युद्धानंतर पुन्हा तिकडे गेले, तिचा जन्म तिकडचा, आणि १९६२ च्या लष्करी राजवटीने दुकाने व गिरण्या ताब्यात घेतल्यावर ही मंडळी बोटीने कायमची परतली. जेटीवर आईच्या हातातल्या बांगड्या उतरवून घेतल्या गेल्या, एवढेच तिला लख्ख आठवत होते. बांगड्यांचा विषय निघाला की ती स्वतःचे मनगट चाचपत असे.

आखाताची गोष्ट माझ्या घरातली आहे. १९७० च्या दशकात तेलाचे पैसे आल्यावर तिकडे इमारती उठू लागल्या आणि त्यासाठी करीमनगर-निझामाबादकडची, विहिरी आटलेल्या कोरडवाहू गावांतली माणसे निघाली. त्यांची वाट बराच काळ मुंबईवरून जात असे. १९९३ मध्ये माझा आतेभाऊ, आमच्याकडे त्याला बावा म्हणतात, दुबईला जायला म्हणून मुंबईत आला आणि त्याला सोबत म्हणून मला धाडले गेले. आम्ही कामाठीपुऱ्यात ओळखीच्या एका गाळ्यात उतरलो. त्या भागाचे नावच आमच्या कामाठ्यांवरून, म्हणजे निजामाच्या मुलखातून बांधकामाला आलेल्या तेलुगू मजुरांवरून पडले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. एजंटाने आठ दिवस सांगितले होते, तीन आठवडे लागले. बावाच्या पिशवीत पासपोर्ट, वैद्यकीय तपासणीचा कागद आणि आत्याने दिलेली आवकाय लोणच्याची बरणी होती. रोज रात्री तो बरणीचे झाकण उघडून तेल वर आले आहे ना एवढे पाहून पुन्हा लावी. एजंटाचे पैसे शेकडा तीनने काढलेले होते, महिन्याला. इलेक्ट्रिशियनचे काम म्हणून तो गेला आणि तिथे त्याच्या हाती विटांची पाटी आली. पहिली दोन वर्षे त्याने व्याज फेडले, मुद्दल नंतर.

बाहेर जाणाऱ्या मजुराची तपासणी करणारा 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' हा अधिकारी मॉरिशसच्या जहाजांच्या काळात नेमला गेला आणि १९८३ च्या कायद्यातही तोच आहे. पद टिकून राहिले याचे मला नवल वाटत नाही. एजंटही टिकून आहे.

आता अमेरिका. कृष्णा आणि गोदावरी यांवर १८५० च्या आसपास बंधारे झाले, कालवे निघाले, डेल्टातल्या शेतकऱ्यांच्या हाती भाताचा पैसा खेळू लागला आणि त्यातून मुले शिकली. १९६५ मध्ये अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला तेव्हा गुंटूर आणि विशाखापट्टणमच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून निघालेले डॉक्टर तयारच होते. १९७७ मध्ये 'ताना' ही उत्तर अमेरिकेतल्या तेलुगू लोकांची संघटना उभी राहिली. १९९० नंतर हैदराबादच्या अमीरपेटमधल्या शिकवण्यांतून सॉफ्टवेअरवाले निघाले, आणि व्हिसासाठी चिलकूरच्या बालाजीला आधी अकरा आणि काम झाल्यावर एकशेआठ प्रदक्षिणा सुरू झाल्या. म्हणजे पाणी ज्या तालुक्यात पोचले तिथला मुलगा टेक्सासला गेला आणि जिथे पोचले नाही तिथला शारजाला, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. तिकडेही कन्सल्टन्सी नावाचा मध्यस्थ आहे, तो तासाच्या दरातून आपला वाटा कापतो. पण त्याला मेस्त्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वातानुकूलित खोलीत बसून प्रकल्पाची वाट पाहणे आणि गोदीत पोते उचलणे यांना एका मापाने मोजले, तर अम्माच्या आजोबांचा अपमान होईल.

बावा २००६ मध्ये कायमचा परत आला. त्याच्या पाठीचे दुखणे गेले नाही, पण मुलीला त्याने अभियंता केले, आणि दोन वर्षांपूर्वी ती पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेली. जाताना आत्याच्याच पद्धतीचे आवकाय तिने घट्ट बांधून नेले. शैक्षणिक कर्ज मोठे आहे. जामीनदार म्हणून त्यावर सही माझी आहे, आणि हप्ता कधी सुरू होणार हे बावा मला दर रविवारी फोन करून विचारतो.