फळ्यावरची दोन नावे

रत्नागिरी जिल्ह्यातील एका नर्सिंग शाळेत मी शिकवते. जीएनएम, म्हणजे सामान्य शुश्रूषा व प्रसूतिसेवेच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला शुश्रूषेचा इतिहास असतो आणि तो बहुतेक वेळा फ्लॉरेन्स नाइटिंगेलपाशीच संपतो, याची मला खंत वाटत आलेली आहे. म्हणून दोन वर्षांपूर्वी १७ सप्टेंबरचा तास मी सिस्टर लिओनेला स्गोर्बाती यांच्यासाठी राखून ठेवला.

पाऊस कोसळत होता, वीज गेलेली होती, त्यामुळे प्रोजेक्टरचा नाद सोडून मी खडू हातात घेतला. 'सोमालिया' हा शब्द फळ्यावर उमटताच मागच्या बाकावरून आवाज आला, "चाचे!" त्या मुलीला मी रागावले नाही. आमच्याकडे पुष्कळ घरांतील वडील, काका किंवा भाऊ जहाजावर असतात, आणि त्या किनाऱ्याचे नाव या घरांनी धास्तीनेच ऐकलेले आहे.

आपल्या रुग्णालयांत परिचारिकेलाही 'सिस्टर'च म्हणतात, त्यामुळे ही कोणी नर्स असावी असे मुलींना वाटले. ती कॅथलिक धर्मभगिनी होती हे मला सांगावे लागले, आणि खरे तर ती दोन्ही होती. १९४० साली इटलीतील पिआचेन्झाजवळ जन्मलेली ही बाई कोन्सोलाता मिशनरी भगिनींच्या संघात गेली, इंग्लंडमध्ये नर्सिंग शिकली आणि १९७० मध्ये केनियात पोहोचली. पुढे मेरूजवळच्या एन्कुबू येथील नर्सिंग शाळेत ती प्रिन्सिपल ट्यूटर झाली. हे पद आमच्याकडेही असल्याने मुली एकदम सावरून बसल्या.

१९९१ पासून यादवीत होरपळणाऱ्या सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, ती २००१ साली गेली, तेव्हा साठी ओलांडलेली होती. रुग्ण तपासण्यास तेथे माणसे हवीच होती. पण बाहेरून आलेला माणूस कधी ना कधी परत जातो, देशाची सेवा देशातीलच मुलामुलींना करता आली पाहिजे, हे ओळखून तिने २००२ मध्ये निराधार मुलांसाठीच्या एसओएस बालग्रामाच्या रुग्णालयालगत नर्सिंग शाळा सुरू केली. २००६ मध्ये पहिले ३४ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. तिच्या मृत्यूपेक्षा मला हा आकडा अधिक हेलावतो, कारण एक तुकडी परीक्षेपर्यंत नेताना किती जीव आटतो हे मी दर वर्षी अनुभवते, आणि माझ्या वर्गाबाहेर कधी गोळीबार होत नाही.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला शाळेतून निघून अंगरक्षकासह समोरच्या निवासाकडे रस्ता ओलांडताना तिच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. "पेर्दोनो", म्हणजे 'क्षमा करते', हा शब्द तिने प्राण जाण्यापूर्वी तीनदा उच्चारला. २०१८ मध्ये पिआचेन्झा येथे चर्चने तिला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले.

येथे मी थांबले. तेव्हा दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून आलेली, डोक्यावर ओढणी घेणारी एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही मघाशी 'अंगरक्षकासह' म्हणालात. त्यांचं नाव काय होतं?"

नाव माझ्या टिपणवहीत होते. तरीही मी ते फळ्यावर लिहिले नव्हते, आणि याचे कोणतेही कारण मला देता येईना. महंमद महमूद उस्मान: मुसलमान, चार मुलांचा बाप, तिच्या सोबतीला असताना त्याच हल्ल्यात मारला गेलेला. मी खडू तिच्याकडे दिला. तिने लिओनेलाच्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात ते लिहिले, 'उस्मान'मधील काना चुकून आधी पडला तो बोटाने पुसला, आणि जागेवर जाऊन बसली. तिचे वडीलही जहाजावर आहेत, हे मला नंतर कळले.

दुपारी मुलींना वॉर्डात नेले. ती दोन नावे पुसण्यास मी शिपाईकाकांना सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी शरीरशास्त्राच्या मॅडमनी फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर हृदयाची आकृती काढली.