चिनरीच का?

गिरवायला चिनरीच का देतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. चित्रकलेच्या वर्गात मी जॉर्ज चिनरी या इंग्रज चित्रकाराची, चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमधली रेखाटनं गिरवायला देतो आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतंच: "सर, तो कर्जबुडव्या. सावकारांना चुकवून १८२५मध्ये कलकत्त्याहून पळाला, बायकोला टाळत राहिला, अफूवाल्या व्यापाऱ्यांची चित्रं काढून जगला. तोच कशाला?"

सगळं खरं आहे. पण १८५२मध्ये मरेपर्यंत त्याने मकावच्या रस्त्यावर जे काढलं, ते पाहा. भात्यापाशी उकिडवा बसलेला लोहार, न्हावी, जुगारी, समुद्रदेवी मात्सूच्या देवळापुढची वर्दळ. आणि तांका नावाडणी, ज्यांचं घरदार होडीतच. आधी पेन्सिल, वर शाई, कोपऱ्यात लघुलिपीत स्वतःसाठी टिपण. अंगाचा भार कुठल्या टाचेवर आहे, हे त्याच्या रेघेला कळतं. ते तुच्छतेने पाहणाऱ्याला कळत नाही, असं मी वर्गात ठासून सांगायचो. 'मान दिला त्याने त्यांना,' असंही म्हणायचो.

मग बारा वर्षांपूर्वी ससून डॉकवर त्याच्याच रीतीने उभ्या उभ्या काढत होतो. कोळंबी सोलणारी एक बाई, पाठमोरी. मला झुकलेली मान आणि कोपर हवं होतं. तिला चाहूल लागली. हात पदराला पुसून तिने वही मागितली, बराच वेळ पाहिली.

"छान काढलंस. मला विचारलंस का?"

"मावशी, तुमचा चेहरा नाही काढला."

"मग पाठ कोणाची?"

पान फाडेल असं वाटलं. नाही फाडलं. वही माझ्या हातात दिली, पाटी उचलून फिरवली आणि माझ्याकडे तोंड करून पुन्हा सोलायला बसली. मान वर करून एकदाही पाहिलं नाही. मला पुढे एक रेघ ओढता आली नाही.

तेव्हापासून 'मान दिला' हे शब्द तोंडातून निघत नाहीत. चिनरीने विचारलं असेल का, हे त्या रेघांवरून ओळखता येत नाही. मला ते येतं असं वाटायचं, तो माझा गर्व होता. तरी ती टाच खोटी ठरत नाही, हेही तितकंच खरं.

यंदाही मकावचीच रेखाटनं देणार आहे. लोहार नक्की. पाठमोरी नावाडीण द्यायची की नाही, ते ठरत नाहीये.