डीकेएच टिकेना, कारण मॅग्नेशियम

प्रवाळाच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, डीकेएचमध्ये मोजतात) उतरली की दुकानात एकच उत्तर मिळतं: बफर, म्हणजे ती वाढवणारा क्षार, वाढवा. या उत्तराचा मला अजून राग येतो. माझ्या २०० लिटरच्या टँकमध्ये बफर जेवढा जास्त जायचा, तेवढी हीटरवरची पांढरी खपली जाड व्हायची. आज ८.५ डीकेएच, उद्या पुन्हा ७च्या खाली, आणि कॅल्शियमही सोबत उतरायचं. प्रवाळ वाढत नसताना दोन्ही आकडे एकदम पडत असतील, तर कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातच तयार होऊन हीटरवर, पंपावर बसतंय असं समजा. त्याला आवर घालतं मॅग्नेशियम, आणि तेच तपासा असं कुणी सांगत नाही. बेळगावात किट मिळेना, कुरिअरची वाट बघण्यात जीव आंबला. मॅग्नेशियमचा आकडा निघाला ११००. पाहिजे १२८० ते १३५० पीपीएम (दशलक्षात इतके भाग).

२०० लिटरमध्ये ५० पीपीएम वाढवायला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट साधारण ८४ ग्रॅम लागतं. आरओच्या पाण्यात विरघळवून, प्रवाह जोरात असेल तिथे हळूहळू सोडा, दिवसाला एवढंच. आपल्याकडे उसासाठी खताच्या दुकानात मॅग्नेशियम सल्फेट स्वस्तात मिळतं. ते टँकमध्ये अजिबात नको, त्यात आणखी काय आहे याचा भरवसा नसतो.

मॅग्नेशियम जागेवर आलं आणि डीकेएच टिकायला लागलं. केवढं हायसं वाटलं! आता १ डीकेएच वाढवायला ६ ग्रॅम खायचा सोडा पुरतो (बेकिंग पावडर नव्हे), आणि दिवसात १पेक्षा जास्त चढवायचं नाही. कॅल्शियम २० पीपीएमने वाढवायला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १५ ग्रॅम. सोडा आणि हे यांच्यात निदान अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पाणी दुधाळ होतं. चाचणी रोज ठरलेल्या वेळीच करा.

या सगळ्याच्या आधी खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार) द्रावणावर लावून घ्या. खारटपणाच कमी असेल तर तिन्ही आकडे कमीच दिसणार. पाणी आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले आयनही काढलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य, बोअरचं नको.

पावसाळ्यात टँकसाठीच्या समुद्री मिठाची उघडी पिशवी ओल धरते, गठ्ठे होतात आणि त्या मिठाच्या पाण्यात अल्कलिनिटी कमी भरते. झाकणाच्या डब्यात ठेवा. त्याच दिवसांत खिडक्या बंद असतात, घरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरून ७.८ दाखवतो. डीकेएच बरोबर असेल तर बफर ओतू नका, स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढा.