दोन स्टॅग, एक पलंग

"सर, ट्विन बेड करून देतो, अजिबात काळजी करू नका," फोनच्या पलीकडचा हॉटेलातला मुलगा म्हणाला, आणि माझी काळजी तिथूनच सुरू झाली.

मला ट्विन बेड नको होते. एकच मोठा पलंग हवा होता, आम्हा दोन पुरुषांना. हे एवढं वाक्य मी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं, तरी फोनवर ते गिळलं आणि "चालेल, चालेल" म्हणून सुटका करून घेतली. एकोणचाळिशीचा माणूस, फाउंड्रीत चाळीस जणांवर दिवसभर ओरडणारा, आणि पलंगाचं नाव काढताना तोंडाला कोरड!

मी कोल्हापूरचा. आमचे 'हे' मूळचे मालवणकडचे. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, 'आमचे हे' म्हणत. मीही इथे तसंच म्हणणार आहे. लाजून नव्हे, ह्यांच्या ऑफिसात अजून कुणाला माहीत नाही म्हणून. एकत्र राहायला लागून नऊ वर्षं होत होती आणि फेब्रुवारीत पाच दिवस गोव्याला जायचं ठरलं होतं. गोवा आम्हाला नवा नाही. आंबोली घाट उतरलं, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी केलं की पेडणे; कोल्हापुरातल्या निम्म्या पोरांनी पहिली बिअर तिकडेच घेतलेली असते. पण आजवर आम्ही गेलो ते 'मित्रांबरोबर' नाहीतर 'कामानिमित्त'. ह्या वेळी ह्यांनी एकच अट घातली: पाच दिवस कुणाशी खोटं बोलायचं नाही. म्हणजे लोक सहलीला समुद्र किती जवळ, नाश्ता मिळतो का, हे बघतात. आम्हाला आधी कुठे खोटं बोलावं लागणार नाही, ते बघायचं होतं.

दुसऱ्या ठिकाणी मी धीर केला.

"आम्ही दोघं पुरुष आहोत."

"सर, आम्ही स्टॅग घेत नाही. फॅमिली किंवा कपल."

"आम्ही कपलच आहोत."

"ओके सर. मग मॅडमचं आधार व्हॉट्सॲप करा."

त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. पाच-सहा पोरांची टोळकी येतात, एका खोलीत आठ जण झोपतात, रात्री तीनला पोहायच्या टाकीत बाटल्या फोडतात; त्याला वैतागून बऱ्याच हॉटेलांनी 'स्टॅग नको' असा नियम करून टाकलाय. बाईशिवाय आलेला पुरुष म्हणजे स्टॅग. दोघे आले तर दोन स्टॅग. नऊ वर्षं एका ताटात जेवणारे दोघे, हा रकानाच त्यांच्याकडे नाही.

कायद्याचं म्हणाल तर दोन सज्ञान पुरुषांनी एका खोलीत राहू नये असं कुठलंही कलम नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरलं नाही. लग्नाला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने नकार दिला. त्यामुळे आमची अवस्था अशी, की गुन्हेगार नाही पण फॉर्मवर 'विवाहित' अशी खूणही करता येत नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण रिसेप्शनवरच्या बावीस वर्षांच्या पोराला निकालाची तारीख ऐकवून खोली मिळत नाही, आणि मिळाली तरी त्या खोलीत झोप लागत नाही.

मग फोन बंद केले आणि एक मेसेज तयार केला. "आम्ही दोघे पुरुष आहोत, जोडीदार आहोत. एकच मोठा पलंग हवा. अडचण असेल तर मोकळेपणाने आत्ताच सांगा, आम्ही दुसरीकडे बघू." अकरा ठिकाणी पाठवला. चौघांनी उत्तरच दिलं नाही. तिघांनी 'खोल्या शिल्लक नाहीत' म्हटलं, त्यातल्या एकाच्या खोल्या साइटवर त्या वेळीही दिसत होत्या. एकाने 'वुई रिस्पेक्ट ऑल गेस्ट्स' वगैरे इतकं लांबलचक लिहिलं की शेवटी पलंगाचं राहूनच गेलं. मला आवडली ती उरलेली कोरडी उत्तरं. "हो. क्वीन बेड. मच्छरदाणी आहे. चेक-इन बारा वाजता." बास! आमचं असणं त्या माणसाला मच्छरदाणीइतकंच महत्त्वाचं वाटलं, ह्याहून जास्त काय हवं?

ह्यातून काही गोष्टी कळल्या. मोठ्या साखळी हॉटेलांत बहुतेक कुणी विचारत नाही, पण त्याचे पैसे मोजावे लागतात. घरगुती ठिकाणी सगळं त्या घरातल्या माणसावर अवलंबून, म्हणून आधी लिहून विचारावं, त्या 'हो'चा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवावा, बुकिंगवर दोघांची नावं घालावीत, आणि फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग करावं. पैसे आम्ही जॉइंट खात्यातून भरले. समलिंगी जोडीदारांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं, त्यानंतर उघडलेलं खातं. त्या खात्यातला पहिला मोठा खर्च हा पलंग.

कुठे जायचं ह्यावर फार वाद झाला नाही. बागा-कळंगुट मी आधीच खोडलं. शनिवार-रविवारी तिथे आमच्याच भागातून आलेली पोरं असतात आणि त्यातलं एखादं माझ्याच फाउंड्रीतलं निघायचं. हरमल, मांद्रे, अश्वे ह्या पट्ट्यात जगभरची माणसं इतक्या तऱ्हेने वावरतात की आमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. दक्षिणेत पाळोळे, पाटणे, आगोंद. शेवटी आगोंदला दोन रात्री आणि परतताना मांद्र्याला तीन, असं ठरलं. 'गे बीच' अशी पाटी लावलेला किनारा शोधत बसू नका. पाटी नसते, माणसं असतात.

गाडी आमचीच नेली. गोव्यात ओला-उबर चालत नाही, गोवामाइल्सचं ॲप आहे, नाहीतर टॅक्सीवाला म्हणेल तो दर. स्कूटर भाड्याने घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची घेतली तर पुढच्या चौकात पोलीस आणि तुम्ही.

पेडणे सोडून हायवेने म्हापशाकडे निघालं की शापोरा नदीवरचा पूल ओलांडल्यावर कोलवाळ लागतं. वेंडेल रॉड्रिक्स ह्यांचं गाव. कुणबी साडीला पुन्हा झळाळी देणारे फॅशन डिझायनर, २०१४ चे पद्मश्री. २००२ मध्ये त्यांनी आणि त्यांचे जोडीदार जेरोम मारेल ह्यांनी फ्रेंच कायद्याखाली एकत्र राहण्याचा नागरी करार केला, तोही गोव्यात, ३७७ डोक्यावर असताना. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होतो आणि कधीतरी पेपरात ह्या दोघांबद्दल वाचून तो अंक गादीखाली लपवला होता. २०२० च्या फेब्रुवारीत वेंडेल गेले. आम्ही गावात शिरलो नाही. ह्यांनी पुलावर गाडी थोडी सावकाश घेतली, इतकंच.

आगोंदबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि तेच तिथलं सुख. ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात म्हणून किनाऱ्याचा काही भाग राखीव आहे, गोंगाट नाही, दहा वाजता सगळं निजतं. आम्ही हातात हात घालून तासभर चाललो. आपल्याकडे दोन पुरुषांनी हात धरला तर कुणी ढुंकून बघत नाही, बोटांत बोटं अडकवली तर बघतात. हा फरक नऊ वर्षांत आमच्या अंगवळणी इतका पडलाय, की कुणी समोरून आलं की बोटं आपोआप सुटतात. तिसऱ्या फेरीला ह्यांनी ती सुटू दिली नाहीत. समोरून आलेल्या बाईने फक्त तिचा कुत्रा बाजूला ओढला.

खरी गंमत झाली वागातोरला. मांद्र्याहून रात्री एका क्लबला गेलो. दारात बाउन्सर, बोलण्यावरून सिंधुदुर्गातला, अंगाने दार झाकणारा.

"कपल तीन हजार. स्टॅग बंद आहे आज."

मी खिशातून तीन हजार काढले. "कपल."

"कोण?"

"आम्ही."

तो हसला. वाईट हसला नाही, दमून हसला. "दादा, स्टॅग बंद असला की रोज दहा जण हेच सांगतात."

हे मात्र आम्हाला नवीन होतं! मुलींशिवाय आलेली पोरं आत शिरण्यासाठी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून 'आम्ही गे आहोत' म्हणतात. जे सांगायला मला एकोणचाळीस वर्षं लागली, ते ही पोरं तीन हजारांच्या एंट्रीसाठी हसत हसत सांगून जातात. मागे रांग वाढत होती. बाउन्सर म्हणाला, "बरं, दोघांचा एखादा फोटो दाखवा, सोडतो." मी फोन काढला आणि गॅलरी खाली सरकवत राहिलो. डोंगर, जेवण, आमची मांजर, कास्टिंगचे डिफेक्ट. ह्यांचा आणि माझा एकत्र फोटो नव्हता. काढायचो, पण रात्री झोपायच्या आधी डिलीट करायचो. फोन कुणाच्याही हातात पडतो म्हणून. नऊ वर्षं ही सफाई मीच करत आलो होतो, आणि ह्यांना ते माहीत होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "चल, भूक लागलीये," एवढंच म्हणाले.

एका गाड्यावर रस-ऑम्लेट खाल्लं. झणझणीत रशात बुडालेलं ऑम्लेट, वर बारीक कांदा, सोबत पाव. अर्ध्यात आल्यावर ह्यांनी हात पुसले, माझा फोन उचलला आणि गाड्यावरच्या माणसाला म्हणाले, "भाऊ, आमचा एक फोटो काढ." फोटोत माझ्या मिशीला रस्सा लागलाय.

एक सावधगिरीची गोष्ट, एकटे जाणाऱ्यांसाठी. डेटिंग ॲपवर कुणी भेटलं तर पहिली भेट किनाऱ्यावरच्या एखाद्या शॅकमध्ये, माणसांत. खोली नंबर देऊ नका, चेहऱ्यासकट खासगी फोटो पाठवू नका. 'घरी सांगीन' म्हणून पैसे उकळणाऱ्यांना आपल्या लाजेचा भाव बरोबर ठाऊक असतो. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, ११२ ला फोन करा. खंडणी हा त्याचा गुन्हा आहे, तुमचा नाही. आणि किनाऱ्यावर चुंबन वगैरे जपूनच. अश्लील कृत्याचं कलम, आता २९६, बाई-पुरुषाच्या जोडप्यांनाही दाखवतात.

मांद्र्याचं घर एका सत्तरीच्या काकींचं. 'मच्छरदाणी आहे' हा मेसेज त्यांच्या भाच्याचा होता. त्याने काकींना काय सांगितलं होतं कोण जाणे. अंगणात तुळस, ओट्यावर मराठी पेपर, त्याचं शब्दकोडं अर्धं सोडवलेलं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "दोघे भाऊ काय?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलंच होतं. ही सवय जिभेवरच बसलेली असते. ह्यांनी मध्येच सरळ मालवणीत सांगितलं, "नाय काकी. आमी एकत्र रवतंव. नऊ वर्सां झाली."

काकींनी चष्म्यावरून आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मला पाठीवरून घाम उतरलेला कळत होता.

"मग जेवण कोण करता?"

"मी," हे म्हणाले.

"आणि हो?" म्हणजे मी.

"हो भांडी घासता."

काकींनी मान डोलावली आणि पेपर उघडला. त्यांना काय समजलं, किती समजलं, मी विचारलं नाही. खोलीत पलंग एकच होता, सागवानी, करकरणारा, आणि मच्छरदाणीला एक भोक होतं.

निघायच्या सकाळी गाडीत सामान भरताना त्या आतून नारळ घेऊन आल्या आणि तो ह्यांच्या हातात दिला. मी उगाच गंमत करायला गेलो, "काकी, मला नाही?"

"दोघांत एक पुरे," त्या म्हणाल्या आणि गाय सोडायला गोठ्याकडे वळल्या.

तो नारळ आंबोली घाटाच्या प्रत्येक वळणावर मागच्या सीटखाली इकडून तिकडे गडगडत राहिला. घरी आल्यावर ह्यांनी त्याची सोलकढी केली. भांडी मी घासली.